पेजेच्या कांड्या

माझ्या मुलीचं, सावीचं, तोंड आलं होतं. जिभेवर, गालांच्या आतून आणि घशाच्या तोंडाशी बारीक पांढरे फोड, तळहात-तळपायांवर लाल ठिपके, अंगात ताप. हा विषाणूचा आजार आहे. लहान मुलांच्या शाळांमधून पसरतो, आणि त्याला औषध नाही; तो आपला आपण बरा होतो. पण तोवर मूल पाणी पीत राहिलं पाहिजे, आणि सावी पीत नव्हती. घोट घशाखाली गेला की ती दोन्ही हातांनी गळा धरायची आणि आवाज न करता रडायची, कारण आवाज करतानाही दुखत होतं. ती चार वर्षांची होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे आणि सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे हिंगणीच्या आमच्या घरात दुखणं आलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग आपल्याला हवं तेच करतात.

आदल्या दिवसापासून पाऊस लागून होता. सेलूच्या रस्त्यावर नाल्यावरून पाणी चाललं होतं, बस बंद होती, मोटरसायकलसुद्धा जात नव्हती. उपकेंद्रातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "थंड द्या, मॅडम. थोडं थोडं द्या, पण देत राहा. लघवी होते का तेवढं बघा. संध्याकाळपर्यंत नाही झाली तर मग सलाइनशिवाय गत नाही, कसंही करून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

सावीने रात्री झोपताना लघवी केली होती. त्यानंतर नाही.

मी तांदळाची पातळ पेज केली, गाळली, तिच्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं. लिंबू नाही, फोडांना झोंबलं असतं. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांची मापाची झाकणं उकळून घेतली, त्यांत पेज ओतली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. उरलेली एका स्टीलच्या गंजात, म्हणजे खोल भांड्यात, भरून तोही ठेवला. साखरेचं पाणी दगडासारखं गोठत नाही, जिभेने दाबलं की भुसभुशीत होतं. थंडाव्याने फोड बधिर होतात, आणि मूल गिळतंय हे मुलाच्याही लक्षात येत नाही. झाकणाएवढी पहिली कांडी सावीने आधी नुसती ओठांवर धरली. मग चोखली. मग संपवली, आणि सकाळपासूनचा पहिला शब्द बोलली.

"अजून."

दुसरी तिच्या तोंडात होती तेव्हा बाहेर खाकरल्याचा आवाज आला. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि खाटेपासून बाजूला झाले.

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ रूपराव, घरात येताना असे खाकरतात. आमच्याकडे भासऱ्याने भावसुनेला हात लावायचा नाही. सासूबाईंच्या तरुणपणी चुकून पदर लागला तरी अंघोळ करावी लागे. आता अंघोळ गेली, बाकीचं राहिलं. मी त्यांच्याशी थेट बोलत नाही, तेही माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की मी सावीला सांगते, मोठ्या बाबांना बोलव. ते सावीला सांगतात, मम्मीले म्हन मीठ कमी आहे. हाताच्या अंतरावर बसलेली दोन मोठी माणसं एका लहान मुलीतून बोलतात. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी हाक मारलेली नाही, त्यामुळे काय हाक मारायची हेही ठरलेलं नाही.

ते आत आले, आणि सावीच्या हनुवटीवरून ओघळणारं पांढरं पाणी त्यांनी पाहिलं.

"तोंडात काय आहे?"

सावीने जीभ बाहेर काढून दाखवली.

त्यांनी दोन बोटं तिच्या तोंडात घातली आणि बर्फाचा तुकडा ओढून काढला. एक फोड फुटला. बोटांना रक्त लागलं. तुकडा त्यांनी भिंतीवर मारला, तो फुटून खाटेवर पडला. सावीने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग ते माझ्याकडे वळले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी कधीच पाहिलेलं नाही, तेव्हाही नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते. हात वर उठला होता. तो माझ्यासाठी उठला होता, हे मी स्पष्ट पाहिलं. तो तसाच वर राहिला, आणि तसाच वर धरून ते स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांची बायको, माझी जाऊ, सावीची मोठी आई कोकिळाताई तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

"तू घरात असतांनी पोरीले थंडं कोनं देलं?"

"मी देलं," कोकिळाताई म्हणाल्या. त्यांनी दिलं नव्हतं.

हात खाली आला. सूप उडालं, डाळ सगळ्या घरभर गेली. दुसऱ्या फटक्याला ताईंचं डोकं चौकटीवर आपटलं. तिसऱ्याला त्या खाली होत्या, म्हणून भासऱ्यांनी लाथ मारली. सासूबाई देवळीपाशी बसून "अरे रूप्या, रूप्या" एवढंच म्हणत होत्या, जसं कुणी गुराला हाकतं. मग ते गोठ्याकडे निघून गेले.

मी कोकिळाताईंना उठवलं. त्यांनी मोरीत चूळ भरली. पाणी लाल गेलं. जिभेने त्यांनी दात चाचपून पाहिले.

"माह्यं बी तोंड आलं आता," त्या म्हणाल्या. "मले बी दे एक कांडी."

"ताई, तुम्ही काऊन सांगतलं असं?"

"तुह्यं नाव घेतलं असतं त का तुले मारलं असतं? मारलं मलेच असतं. मंग आपल्या मर्जीनं खाल्लेला बरा." त्यांनी पदराने ओठ दाबला. "अजून आहेत का फ्रीजात?"

"आहेत."

"दे मंग तिले. मी दारात बसतो."

"नको देऊ व," सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंचं नाव शोभाबाई. पण त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलेलं नाही. "तो पिसाटला आहे. त्याच्यापुढं बर्फाचं नाव नाई काढाव."

ते खरं होतं, आणि त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत आहे.

मागच्या वर्षी याच दिवसांत त्यांचा मुलगा रजत डेंग्यूने गेला. तो दुसरीत होता. भासरे तेव्हा चंद्रपूरकडे जेसीबी चालवत होते, मी नालवाडीला माहेरी होते. ताप चढत राहिला आणि मग एका दुपारी उतरला. सासूबाईंनी भासऱ्यांना फोन केला, "पोरगं थंडं झालं. आता चिंता नाई. येऊ नोको धावत." त्या दुपारी रजतने सायकलवाल्याकडे बर्फाची कांडी मागितली आणि त्याला बरं वाटतंय म्हणून कोकिळाताईंनी घेऊन दिली. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. तीच वेळ जपायची असते. संध्याकाळी त्याचे हातपाय गार पडले. उजाडता उजाडता सेलूच्या वाटेवर तो गेला.

सासूबाईंनी पुन्हा फोन केला. "रूप्या, पोरगं थंडं झालं रे."

आमच्याकडे ताप उतरला तरी असंच म्हणतात आणि माणूस गेलं तरी असंच म्हणतात. रडण्यावरून फरक कळतो, पण फोनवर आवाज नीट येत नव्हता. ते म्हणाले, "बरं झालं, माय," आणि फोन ठेवला. तरी ते निघाले, आनंदाने निघाले. वाटेत त्यांनी प्लास्टिकचा पिवळा जेसीबी विकत घेतला. बापाची वाट बघत रजतला अंगणात बर्फाच्या लादीवर ठेवलं होतं. ते खेळणं हातात घेऊन गर्दीतून आत आले आणि त्यांनी मुलाच्या छातीवर हात ठेवला. गर्दीत कुणीतरी म्हणालं, काल कांडी खाल्ली होती म्हनते.

त्यांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. वरून बर्फ, आतून बर्फ.

खरं काय झालं ते मी चंदनला, माझ्या नवऱ्याला, समजावून सांगितलं होतं. चंदनने ते आईला सांगितलं. आईने मोठ्या मुलाला काय सांगितलं मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही, कारण सांगायचं तर तो पहिला फोन चुकला होता हे सांगावं लागलं असतं.

कोकिळाताई दारात बसल्या. सावीने तीन कांड्या खाल्ल्या. तिसरीला तिने स्वतः हात पुढे केला. मी तिचे ओठ पाहिले, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही. तोंडात थुंकी होती, पण दाट. तीन कांड्या म्हणजे फार तर चार चमचे पाणी. दिवसभर असं चाललं असतं तर पुरलं असतं.

पण पावसामुळे शेतात काम नव्हतं आणि भासरे घरीच होते. ते परसातून आले, समोरच्या दारातून नाही. सावीच्या झग्यावर ओला डाग होता. त्यांनी त्याला बोट लावलं, बोटाचा गारवा अंगठ्याने चाचपला, आणि पुढच्या दाराशी जाऊन कोकिळाताईंच्या केसांना धरलं.

मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आमच्याकडे चुलीसाठी रचून ठेवलेल्या असतात. त्यांनी त्यातली एक उपसली. अंगणात, पावसात. पऱ्हाटी सरळ नसते, तिला फांद्यांचे टोकदार खुंट असतात. पाठीवर बसली की ब्लाउज फाटायचा आणि खाली कातडी. मोडली की ते दुसरी घ्यायचे. कोकिळाताई पहिल्यांदा ओरडल्या, मग ओरडल्या नाहीत, मग चिखलात तोंड घालून नुसत्या हुंकारत राहिल्या. प्रत्येक फटक्याला ते बोलत होते.

"तुह्यं एक गेलं ना. आता चंदनचं खाशीन. खाशीन ना चंदनचं."

समोरच्या ओसरीतून कुणी म्हणालं, "राहू द्या, रूपभाऊ." ओसरीतून कुणी खाली उतरलं नाही.

मी दारात उभी होते. तोंडात शब्द होते, पण ते सांगायला मध्ये माणूस नव्हतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. माझा हात पुन्हा पुन्हा कपाळापाशी जात होता. मी ओढणी सावरत होते, हे मला उशिरा कळलं.

चंदन बुटीबोरीच्या कंपनीत आहे, शनिवारी घरी येतो. मी त्याला फोन लावला.

"दादाच्या मधात पडू नोको," तो म्हणाला. "तो काही बेइमान नाई. त्याले सावीची चिंता आहे."

"ताईंची पाठ सोलून निघाली आहे, चंदन."

"तुले त काही करत नाई ना?"

"मला नाही करत."

"मंग?"

मी फोन बंद केला.

कोकिळाताईंच्या पाठीला मी हळद आणि खोबरेल लावलं. काटे काढावे लागले. त्या पालथ्या पडून होत्या, गाल चटईवर.

"ताई, मी आता देत नाही तिला. पाणी उतरलं की नेऊ."

"पानी कधी उतरन, तुले माईत आहे?"

"नाही."

"मुतली का पोरगी?"

"नाही."

"मंग देत राह्य." त्यांनी डोळे मिटले. "माह्या पोराच्या वक्ती त्यानं मले हात बी नाई लावला. नुसता पाह्यत होता माह्याकडं. सालभर पाह्यला. आज मारून राह्यला त निदान समजते काय म्हनून राह्यला तो."

मी फ्रीजरमधून तो गंज काढला. झाकणांतल्या कांड्या उरल्या होत्या, पण मला मोठा तुकडा फोडून वाटीत ठेवायचा होता, म्हणजे सारखं दार उघडावं लागलं नसतं. पेज कडांना घट्ट धरली होती. मी गंज हातांत धरून कोमट करत सावीजवळ बसले होते, तेवढ्यात खाकरल्याचा आवाज आला. गंज गोधडीखाली सरकवून मी उठले आणि ओढणी घेतली.

भासरे दुधाचा पेला घेऊन आले होते. हळद घातलेलं, वाफ निघणारं दूध. चूल त्यांनी स्वतः पेटवली असावी, कारण मनगटाला राख होती. त्याच हातावर पऱ्हाटीच्या खुंटाने ओरखडे आले होते. ते खाटेच्या कडेला बसले आणि दुधावर फुंकर घालायला लागले. बराच वेळ, नीट, पेला फिरवून फिरवून.

"पे, बाई. गरम गरम पे. मंग आपन खेळू."

सावी त्यांची लाडकी होती. तिने त्यांच्यासाठी तोंड उघडलं. पहिला घोट आत गेला आणि तिचं सगळं अंग ताठलं. दूध नाकातून बाहेर आलं. हात पेल्याला लागला, पेला खाटेवर सांडला, दूध तिच्या मांडीवर गेलं. आता मात्र आवाज आला, फाटका, कोरडा. ते तिला छातीशी धरून बसले, तिची मांडी आपल्या सदऱ्याने पुसत. "माही बाई. माही बाई ते." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हेही सांगायला हवं.

सावी त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाली, "मोठे बाबा, कांडी."

"काय?"

"कांडी पायजे. मोठ्या आईची."

"कोठी आहे कांडी?"

तिने फ्रीजकडे बोट दाखवलं. घरात दोन माणसांचे निरोप तीच पोचवायची. हाही तिने पोचवला.

त्यांनी तिला हळूच खाटेवर ठेवलं आणि परसात गेले. परत आले तेव्हा हातात कुऱ्हाड होती.

कोकिळाताई चटईवरून कशा उठल्या मला माहीत नाही. ते फ्रीजपाशी पोचले तेव्हा त्या तिथे होत्या, सोललेली पाठ फ्रीजच्या दाराला लावून.

"सरक."

"नाई सरकत."

"मी म्हनतो सरक."

"लेकरू मरन, अजी. पान्यावाचून मरन."

त्यांनी कुऱ्हाड हातात फिरवली आणि उलट्या बाजूने मारली. घाव खांद्यावर बसला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि कोकिळाताईंचा डावा हात खाली लोंबला. त्या सरकल्या नाहीत. भासऱ्यांनी कुऱ्हाड पुन्हा उचलली.

मी मध्ये गेले. ओढणी खाटेपाशीच गळून पडली होती. माझ्याकडे त्यांच्यासाठी शब्द नव्हता. दादा नाही, भाऊजी नाही, काहीच नाही. जो आला तो कोकिळाताईंचा होता. वर्षभर त्यांनीही तो वापरला नव्हता.

"रजतचे बाबा," मी म्हणाले.

कुऱ्हाड वरच थांबली.

मी वर्गात बोलते तशी बोलायला लागले. दुसरं काही येत नव्हतं. "रजत बर्फाने गेला नाही. कांडीने नाही गेला. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा आजार संपत नाही, तेव्हा तो आत शिरतो. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. हातपाय गार पडतात ते आतून पडतात, बाहेरच्या बर्फाने नाही. ताप उतरला त्या दुपारीच त्याला सावंगीला न्यायला हवं होतं. ताईंनी कांडी दिली नसती तरी तो गेला असता."

"चूप राह्य."

ते माझ्याशी बोलले. पहिल्यांदाच, मध्ये कुणाला न घेता.

"आकांक्षा, तोंड सांभाळ," सासूबाई म्हणाल्या.

"आईंनी तुम्हाला पहिला फोन केला होता, त्या दुपारी."

त्यांनी मला मारलं. कुऱ्हाड नाही, मूठ. कानशिलाखाली बसली आणि मी खाटेच्या पायावर पडले. मागची दाढ हलली. ओठ आतून फाटला.

घर गप्प झालं. कोकिळाताईंच्या हाडापेक्षा हे मोठं होतं, हे त्या शांततेत मला कळलं. सासूबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. भासऱ्याचा हात भावसुनेला लागला होता. ते आपल्या मुठीकडे बघत होते, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

माझा हात गोधडीखाली होता. गंज हाताला लागला, जड आणि निसरडा. मी उठले आणि त्यांच्या भुवईवर घातला. पहिला घाव मी विचार न करता घातला. दुसरा विचार करून. स्टीलची कड हाडावर बसल्याचं मनगटापर्यंत जाणवलं. भुवई उघडली आणि रक्त डोळ्यात उतरलं. ते गुडघ्यावर आले.

मी तिसराही घातला असता. गंज हातातून निसटला.

ते उठले. मला वाटलं माझ्यावर येतील. पण त्यांना दिसत नव्हतं. एक डोळा रक्ताने बंद होता. कोकिळाताई तोवर बाजूला कोसळल्या होत्या. भासऱ्यांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी उचलली आणि फ्रीजमध्ये घातली, वरच्या दाराच्या थोडं खाली. पातं आत गेलं, अडकलं, त्यांनी ते हिसकून काढलं. आतून फुस्सकन वायू सुटला. मोटरची घरघर एकदा वाढली आणि थांबली.

मग त्यांनी कुऱ्हाड टाकली. चाचपडत परसाच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात खाली बसले, चौकटीला टेकून.

"माय."

सासूबाईंनी मान वर केली.

"माय, तू फोन केल्ता. काय म्हनली होती तू?"

"थंडं झालं म्हनलं."

"कोनत्या दिवशी?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता. सासूबाई खाली बसल्या, दोन्ही हात जमिनीवर टेकले.

"दोन्ही दिवशी," त्या म्हणाल्या.

भासऱ्यांनी मान मागे नेली आणि डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. सावकाश, मोजल्यासारखं, खुंटा ठोकावा तसं. सासूबाई रांगत त्यांच्याकडे गेल्या, तर त्यांनी त्यांना कोपराने दूर लोटलं आणि परत आपटलं. भुवईतलं रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर पडत होतं, जिथे त्यांनी सावीचं दूध पुसलं होतं तिथे.

मी त्यांना थांबवायला गेले नाही. कोकिळाताईही गेल्या नाहीत. त्या उजव्या हातावर भार देऊन बसत्या झाल्या. चेहरा राखेसारखा झाला होता.

"आकांक्षा. ताट आन."

"ताई, हात हलवू नका. मी बांधते आधी."

"हात मंग बांधजो. फ्रीज गेला. सारं वितळून राह्यलं, ताट आन."

फ्रीजरचं दार वाकलं होतं, ओढून काढावं लागलं. झाकणांतल्या कांड्या कडांनी सुटल्या होत्या. मी त्या एका ताटात उपड्या केल्या आणि ताट कोकिळाताईंच्या पुढ्यात ठेवलं. सावीला त्यांच्याजवळ बसवलं. ती उंबऱ्याकडे बघत होती.

"तिकडं नोको पाहू," कोकिळाताई म्हणाल्या. "इकडं पाह्य. आ कर. हा. माह्यासारखा कर, आ." त्यांचा स्वतःचा ओठ सुजून जांभळा झाला होता. त्यांनी एक कांडी सावीच्या जिभेवर ठेवली. एक आपल्या तोंडात टाकली. "पाह्य, मी बी खाल्ली. आता कोनाची अगोदर वितळते?"

सावीने तोंड मिटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "माही."

"लबाड. चावली तू."

मागे चौकटीवर डोकं आपटतच होतं. कोकिळाताई देत राहिल्या, सावी खात राहिली. काही तुकडे हातातच पाणी झाले, ते त्यांनी तळव्यातून पाजले. मी माझी ओढणी फाडून त्यांचा हात छातीशी बांधला. गाठ मारताना त्यांनी दात दाबले, पण उजवा हात ताटातून सावीकडे जातच होता. ताटात शेवटी नुसतं पाणी उरलं, तेही तिने कडेने ओढून प्यायलं. उंबऱ्यातला आवाज तोवर विरळ झाला आणि मग थांबला. मी वळून पाहिलं. ते बसलेले होते. छाती वर-खाली होत होती.

चंदनचा फोन दोनदा येऊन गेला. मी घेतला नाही.

उजेड कमी व्हायला लागला होता. मी सावीची नाडी धरली, मग घड्याळ बघायचं सोडून दिलं. नाल्याचं पाणी उतरलं नसेल तर काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत होते. सावी कोकिळाताईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मग तिने डोकं उचललं.

"मम्मी. शू."

मी तिला उचललं. परसाकडे जायला तेवढं एकच दार आहे, आणि त्या दाराच्या उंबऱ्यात ते बसले होते, पाय पसरून. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. माझ्या डोक्यावर काही नव्हतं. त्यांनी उघड्या डोळ्याने वर पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे, आणि मग सावीकडे.

माझ्या मागून कोकिळाताई भिंत धरत आल्या होत्या.

"सरका," त्या म्हणाल्या.

त्यांनी पाय ओढून घेतले. चौकटीला धरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून बसल्या बसल्याच ते बाजूला घसरले. मी उंबरा ओलांडला. पत्र्याच्या वळचणीखाली सावीला बसवलं आणि तिच्या काखांत हात घालून धरून ठेवलं. पागोळ्या माझ्या पाठीवर पडत होत्या. बराच वेळ काही झालं नाही.

मग झालं. थोडंसंच, गडद पिवळं. चिखलात मिसळण्याआधी क्षणभर दिसलं.

"झाली का?" आतून कोकिळाताईंनी विचारलं.

"झाली."

"अजून कर म्हनावं."

सावीने ऐकलं होतं. ती कपाळाला आठ्या घालून, दोन्ही मुठी आवळून, अजून करायचा प्रयत्न करत होती.